शाळेच्या चुलीवर शिजतं ते येतं कुठून?

(परभणी जिल्ह्यातील बचत गटांच्या आणि महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा-महाविद्यालयांच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या मालाची खरेदी पर्यावरणाचा विचार करून व्हावी, या विषयावर मी आज बोलणार आहे. विषय ठरला तेव्हा आपल्यातल्याच एकीनं विचारलं, "ताई, हा आपला विषय आहे का? घरातून हाकललेल्या बाया दारात उभ्या आहेत, पोटगीच्या तारखांवर तारखा पडताहेत, आणि आपण डाळ कुठून आणायची यावर बोलत बसायचं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. आपल्या जिल्ह्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायाच आहेत. त्या खिचडीत पडणाऱ्या डाळीचं आणि माळव्याचं रान खुरपणारी, शेंग तोडणारी बाईच आहे. ती खाणाऱ्या लेकरांत निम्म्याच्या आसपास मुली आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचं दिवसातलं पोटभर जेवण तेच असतं. मात्र तांदूळ कुठला, डाळ कुणाकडून, तेल कोणतं हे ज्या कागदावर ठरतं, त्यावर यांच्यातल्या एकीचीही सही नसते. राबायचं बाईनं, ठरवायचं दुसऱ्यानं, ही गोष्ट आपण घरात ओळखतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरातही ओळखायला हवी.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तेव्हा पर्यावरण आणि स्त्रिया हे अभ्यासक्रमात दोन वेगळे धडे होते. गावात काम करायला लागल्यावर ते वेगळे दिसेनात. विहीर आटली की पाण्याची खेप बाईची वाढते. गायरान गेलं की सरपणासाठी तिलाच लांब जावं लागतं. ज्वारी गेली की घरातला दाणा आणि गोठ्यातला कडबा दोन्ही एकदम जातात, आणि दोन्हीची तजवीज तिनंच करायची असते.

खिचडी कशी आली

थोडा मागचा हिशेब सांगते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं जेवण नव्हतंच, महिन्याला तीन किलो कोरडं धान्य मुलांच्या हाती दिलं जायचं. अन्नाच्या हक्कासाठी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’नं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की शाळेत शिजवलेलं जेवणच मिळालं पाहिजे, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असली पाहिजेत, आणि ते वर्षातून किमान २०० दिवस मिळालं पाहिजे. एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झालं. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेचं नाव बदलून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झालं. गावात तिला आजही खिचडीच म्हणतात, म्हणून मीही खिचडीच म्हणते.

म्हणजे ही खिचडी कुणाची मेहरबानी नाही. लोकांनी न्यायालयात जाऊन ती मिळवली. तेव्हा तिच्यात काय पडावं हे विचारण्याचा हक्कही लोकांचाच आहे.

आता आकडे बघू. पहिली ते पाचवीच्या एका मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ऐकायला हे चिमूटभर वाटतं. पण शंभर लेकरांची एक लहान प्राथमिक शाळा धरा. रोजचे १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी, अर्धा किलो तेल. वर्षाचे २०० दिवस धरले तर २० क्विंटल तांदूळ, ४ क्विंटल डाळ, १० क्विंटल भाजी आणि १०० किलो तेल. ही एका शाळेची गोष्ट झाली. परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर अशा नऊ तालुक्यांतल्या सगळ्या शाळा, अंगणवाड्या, आश्रमशाळा, वसतिगृहं आणि महाविद्यालयांच्या खानावळी मिळून किती मोठं गिऱ्हाईक होतं, याचा अंदाज करा. एवढं मोठं गिऱ्हाईक जे मागेल ते रानात पेरलं जाईल. म्हणून या खरेदीला महत्त्व आहे.

रानात काय, ताटात काय

आपला जिल्हा ज्वारीचा. आपल्या आज्या ज्वारीची भाकरी, ज्वारीच्या कण्या, धपाटे, हुरडा यांवर जगल्या. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली उभं राहिलं, आज त्याला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणतात. या विद्यापीठानं ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ अशी ज्वारीची वाणं दिली. २०१८ साली इथूनच ‘परभणी शक्ती’ हे वाण आलं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं ते तयार झालं, आणि त्याच्या दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. मुद्दाम लोह-जस्त वाढवलेलं ज्वारीचं वाण भारतात पहिल्यांदा निघालं ते आपल्या गावात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. म्हणजे दुखणं आपल्या घरात आहे आणि औषधाचा दाणा आपल्या रानात आहे.

आणि आपल्या शाळेच्या ताटात रोज काय येतं? तांदूळ. तो भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो. तिथं तो पंजाबातून आलेला असेल, छत्तीसगडातून आलेला असेल, किंवा आपल्याच गोंदिया-भंडाऱ्याकडचा असेल. तांदळाशी माझं भांडण नाही, आणि तो पिकवणाऱ्या बायांशी तर नाहीच. भाताच्या चिखलात कमरेत वाकून लावणी करणारी तीच बाई आहे. पण एक किलो तांदूळ पिकवायला दोन-तीन हजार लिटर पाणी लागतं, आणि पंजाबात ते पाणी जमिनीच्या पोटातून उपसलं जातं. आपली रब्बीची शाळू ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं. अशा मुलखात पाणी कमी खाणारं धान्य आपल्याच मुलांच्या ताटात नसावं, याला काय म्हणायचं?

तेलाचंही तसंच. मराठवाड्याचं तेल करडईचं. करडईवर परभणीलाच संशोधन झालं, ‘परभणी कुसुम’ हे वाण इथलं. करडई रब्बीत, फारसं पाणी न मागता येते. काटेरी असल्यानं जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून बाया ती ज्वारीच्या कडेनं लावत. आज आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. त्यातला मोठा वाटा इंडोनेशिया आणि मलेशियातल्या पामतेलाचा. तिकडं जंगल तोडून पामच्या बागा झाल्या आणि इकडं गावचे घाणे बंद पडले.

मग ज्वारी आणि करडई गेली का? शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. सोयाबीन आणि कापूस रोकड हातात देतात. राशनवर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला, तशी घरातली भाकरी कमी झाली. ज्वारीवर पाखरं बसतात, राखण लागते. ती काढायला, कणसं खुडायला बायांची मजुरी लागते आणि भाव तेवढा मिळत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये क्विंटल जाहीर केला, पण हमीभाव जाहीर होणं आणि त्या भावानं कुणी विकत घेणं यात अंतर असतं, हे मोंढ्यावर गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. विकत घेणारं ठरलेलं गिऱ्हाईक समोर असेल, तर ज्वारीचं रान वाढू शकतं. शाळा हे तसं गिऱ्हाईक आहे.

हिशेब करून बघा. शंभर लेकरांच्या शाळेनं आठवड्यातून एकच दिवस तांदळाऐवजी ज्वारी शिजवली, तर वर्षात साधारण चाळीस दिवस होतात. दिवसाला १० किलो, म्हणजे ४ क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल होते. म्हणजे गावातल्या एखाद-दुसऱ्या बाईचं एक एकर रान गावच्या शाळेचा आठवड्यातला एक दिवस सांभाळू शकतं. हे काही अशक्य कोटीतलं नाही.

भाकरी कोण थापणार?

इथपर्यंत बोललं की टाळ्या पडतात. पण खिचडी शिजवणाऱ्या मावशींपैकी कुणी समोर बसलेली असेल, तर ती टाळी वाजवत नाही. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात मी ज्वारीचा विषय काढला, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाई, ज्वारी चांगलीच. पण दोनशे लेकरांच्या भाकरी थापायच्या कुणी? तुम्ही येणार का?"

त्यांच्या या प्रश्नाशिवाय आपला विषय पुरा होत नाही. पर्यावरणाच्या नावानं आजवर जे जे आलं, त्याचं ओझं बऱ्याचदा बाईच्याच मनगटावर पडलं. झाडं लावा, मग पाणी कोण घालणार? बाई. कचरा वेगळा करा, मग कोण करणार? बाई. पारंपरिक अन्न खा, मग जात्यावर कोण बसणार? आपण जर या चुलीवर आणखी काम टाकणार असू, तर ते काम कुणाचं आणि त्याची मजुरी किती, हे आधी बोललं पाहिजे.

या मावशींना सरकारी भाषेत ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणतात. त्यांना पगार मिळत नाही, मानधन मिळतं. केंद्रानं २००९ साली ते दरमहा १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. राज्यानं आपली भर घालून ते पुढं २५०० रुपयांपर्यंत नेलं. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला १०० रुपये होतात. खुरपायला गेलेल्या बाईला याहून जास्त रोज मिळतो. पंचवीस मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरामागं एक, असं मावशींचं प्रमाण आहे. म्हणजे दोनशे लेकरांमागं तीन बाया. धान्य निवडणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, पाणी भरणं, सगळं त्यांच्याकडं. जून २०२४ च्या शासन निर्णयानं पाककृती वाढल्या, मोड आलेली कडधान्यं आणि गोड पदार्थ आले. मुलांसाठी हे चांगलंच आहे. पण पातेली वाढली आणि हात तेवढेच राहिले.

म्हणून ज्वारीची मागणी करताना आपण भाकरीचा हट्ट धरू नये. ज्वारीच्या कण्या होतात, ज्वारी भरडून डाळ घालून खिचडी होते, रव्याचा उपमा होतो, लाह्या होतात. हे सगळं एका पातेल्यात होतं. ज्वारी भरडण्याचं काम गावच्या गिरणीत किंवा बचत गटाच्या यंत्रावर व्हावं, आणि त्याचा खर्च खरेदीत धरलेला असावा. तो मावशींच्या अंगावर पडू नये.

चुलीचंही बोलायला हवं. कित्येक शाळांत सिलिंडर असतो पण तो रिकामा असतो, आणि स्वयंपाक लाकडावर होतो. सरपण विकत घेतलं तर झाड जातं, आणि नाही घेतलं तर मावशी डोक्यावरून आणतात. धूर दोन्ही वेळा त्यांच्याच छातीत जातो. शाळेच्या स्वयंपाकघरात वेळेवर भरलेला गॅस असणं ही पर्यावरणाची मागणी आहे आणि बाईच्या आरोग्याचीही.

पैशाचंही तसंच आहे. इंधन-भाजीपाल्याचे पैसे वेळेवर आले नाहीत, तर मावशी किंवा गटाच्या अध्यक्षबाई किराणा दुकानात आपल्या नावावर उधारी करतात. एका गावात चार महिन्यांची उधारी एका बाईच्या अंगावर बसलेली मी पाहिली आहे. तिला जाऊन ‘ताई, सेंद्रिय भाजी घ्या’ असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. पैसे वेळेवर येणं ही जबाबदार खरेदीची पहिली अट आहे. बाकी सगळं त्यानंतर.

निविदेत दडलेली अट

खरेदी दोन वाटांनी होते. तांदूळ सरकारी गोदामातून येतो. डाळी, कडधान्यं, तेल, मसाला हा ‘धान्यादी माल’ ठेकेदाराकडून निविदेनं येतो. गावच्या हातात उरतो तो फक्त भाजीपाला आणि इंधन. आपल्याच तालुक्यात तूर पिकते, विद्यापीठाच्या बदनापूर केंद्रानं काढलेली तुरीची वाणं आपल्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नाही तरी वर्षानुवर्षं आहेत, पण तीच तूर मोंढ्यावर जाते, कारखान्यात जाते, आणि डाळ होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपल्याच शाळेत परत येते. मधल्या प्रत्येक मुक्कामाला कुणीतरी कमावतं. पिकवणारी आणि शिजवणारी सोडून.

निविदा कशी लिहितात यावर सगळं अवलंबून असतं. अंगणवाडीच्या आहाराबाबत सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २००४ रोजीच सांगितलं होतं की पुरवठ्यासाठी ठेकेदार वापरू नका, गावचे समूह, बचत गट, महिला मंडळं यांना काम द्या. तरी महाराष्ट्रात २०१६ साली घरपोच आहाराची निविदा निघाली तेव्हा तिच्या अटी अशा होत्या की लहान बचत गटांना त्यात शिरताच येऊ नये. बचत गटाच्या बाया न्यायालयात गेल्या. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी, वैष्णोराणी महिला बचत गटाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं ती प्रक्रिया रद्द केली. हा निकाल आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. किती कोटींची उलाढाल हवी, किती मोठं गोदाम हवं, ही तांत्रिक वाटणारी एक ओळ शेकडो बायांचा रोजगार काढून घेऊ शकते. तशीच ‘जिल्ह्यात पिकलेल्या धान्याला प्राधान्य’ ही एक ओळ तो परत आणू शकते.

अंड्याचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेत आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा पैसा थांबला आणि लोकसहभागातून करा असं सांगितलं गेलं. लोकसहभाग म्हणजे शेवटी कोण, हे तुम्हाला सांगायला नको. गावात पाच-सात गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बाया, बहुतेक भूमिहीन, घरोघरी आहेत. त्यांची अंडी शाळेनं रोख विकत घेतली असती, तर लेकरांना प्रथिनं मिळाली असती आणि त्या बायांना आठवड्याचा बाजार.

दुसरीकडे काय झालं

हे कुठं घडलं आहे का, असं तुम्ही विचाराल. घडलं आहे, आणि फार लांब नाही. आपल्या सीमेपलीकडं, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या झहीराबाद भागात, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या बायांच्या संघांनी १९९० च्या दशकात पडीक रानं पुन्हा ज्वारीखाली आणली. त्यासाठी शेतकऱ्यांना कर्ज दिलं, त्याची परतफेड ज्वारीच्या रूपात घेतली, आणि ती ज्वारी गावातच साठवून गरीब घरांना स्वस्तात दिली. म्हणजे बायांनी स्वतःचं राशन दुकान उभं केलं. त्यात बहुसंख्य दलित बाया होत्या.

आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबाद-लातूरकडं, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं बायांसोबत एक एकर शेतीचं काम केलं. घरच्या रानातला एक एकर, कुठं अर्धा, बाईनं आपल्या निर्णयानं कसायचा, त्यात घरी खायची धान्यं, कडधान्यं, माळवं घ्यायचं, रासायनिक खतं-औषधं टाळायची. बाकीच्या रानात सोयाबीन असलं तरी या एकरातून घर खातं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशा एकरांतलं जास्तीचं धान्य आणि माळवं शाळेच्या स्वयंपाकघराला जोडून देणं ही पुढची पायरी आहे.

आणखी लांबचं उदाहरण ब्राझीलचं. तिथं २००९ साली कायदाच झाला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून थेट खरेदीवर खर्च झाले पाहिजेत. २०२३ मध्ये त्यात भर घातली, की एखाद्या कुटुंबाकडून माल घेतला तर त्यातली किमान निम्मी खरेदी घरातल्या बाईच्या नावानं व्हावी. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडं सातबारावर बाईचं नाव नाही, म्हणून ती शेतकरी धरली जात नाही, म्हणून पैसा नवऱ्याच्या खात्यावर जातो. १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायांच्या नावावर रान करायला लावलं, तेव्हा मराठवाडा-विदर्भात ही चर्चा घराघरात झाली होती. खरेदीचे पैसे बाईच्या खात्यावर, एवढी एक अट आपण मागितली तर त्याच चर्चेला पुन्हा बळ येईल.

पाच प्रश्न

आता आपण काय करायचं? शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलात की पाच प्रश्न विचारा. हे कुठून आलं? कुणी पिकवलं? कशात बांधून आलं? कशावर शिजलं? आणि उरलेलं कुठं गेलं?

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल बोलून झालं. तिसरा पिशव्यांचा. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी झाली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. तरी शाळेच्या कार्यक्रमाला थर्माकोलच्या ताटल्या दिसतात. स्टीलची ताटं एकदाच घ्यावी लागतात आणि पंधरा वर्षं चालतात. मात्र ती घासायला पाणी आणि हात कुठून येणार, हे त्याच बैठकीत ठरवा. चौथा चुलीचा, तो सांगितलाच. पाचवा उरलेल्याचा. पालेभाजीचे देठ, डाळीची फोलकटं शाळेच्या परसबागेत खत म्हणून जाऊ शकतात. शेवगा, कढीपत्ता, अंबाडी, तांदुळजा एवढं परसात लावलं तरी ५० ग्रॅम भाजीतला काही भाग तिथंच निघतो. शेवग्याचं झाड तर पाणीही फार मागत नाही.

हे विचारायची जागाही आपल्याकडं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. कागदावर त्या असतात. बैठकीला नवरे जातात आणि सह्या घरी येतात, हे आपण जाणतो. पुढच्या बैठकीला त्या बायांना आपण सोबत नेऊ. मालाच्या पावत्या मागू. नाही दिल्या तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. अन्न सुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, म्हणजे गावानं बसून हिशेब तपासायचा. आणि या सगळ्यात मावशींना खुर्ची मिळाली पाहिजे. त्यांच्याशिवाय स्वयंपाकघराचा कुठलाही निर्णय होता कामा नये.

इथं महाविद्यालयांच्या वसतिगृहांतल्या मुलीही आल्या आहेत. तुमच्याकडं योजना नाही, खानावळीचा ठेका असतो. पण मेस कमिटी असते, आणि पैसे तुम्ही भरता. ज्या शहरात ‘परभणी शक्ती’ निघाली, त्या शहरातल्या वसतिगृहांच्या ताटात ती आठवड्यातून किती वेळा येते, एवढं विचारा. ठेका पुन्हा होताना ज्वारी आणि डाळ बचत गटाकडून घेण्याची अट घाला. आणि तुमच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाईला महिन्याला किती मिळतात, हेही विचारा. तो आकडा कळला की मग मेनूची चर्चा करा.

एक सावधगिरी सांगते. दलित मावशीच्या हातचं खायला घालायचं नाही म्हणून काही घरं लेकरांना खिचडीच्या वेळी घरी बोलावतात. असं जिथं होतं तिथं ज्वारी आणि करडईचा विषय मागं ठेवा आणि आधी हे घ्या. पंगत मोडत असेल तर ताटातलं धान्य बदलून उपयोग नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी आपल्या हातात उन्हाळ्याचे दोन महिने आहेत. प्रत्येक गटानं एकच शाळा घ्यावी, आपल्या गावची. तिथल्या मावशींना भेटावं, पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहावीत, गावात ज्वारी, तूर, मूग, माळवं कोणकोणत्या बाया करतात त्यांची यादी करावी, आणि किती माल, कधी, काय भावानं देता येईल ते लिहून घ्यावं. तो कागद शाळा व्यवस्थापन समितीत, ग्रामसभेत, आणि मग आपण सगळ्या मिळून जिल्हा परिषदेत ठेवू. मागण्या तीन आहेत. आठवड्यातून एक दिवस जिल्ह्यातली ज्वारी. माल बायांच्या गटांकडून, आणि पैसे वेळेवर, बाईच्या खात्यावर. आणि मावशींना मानधनाऐवजी किमान वेतन. तिन्ही एकत्र मागायच्या, कारण यातली एक सोडली तर उरलेल्या दोन्हींचा भार पुन्हा एखाद्या बाईवरच पडतो.

वह्या मी आणल्या आहेत. जेवणानंतर तालुक्याप्रमाणं बसू आणि शाळांची नावं लिहून घेऊ.